कानाने निवडलेली डिस्क

आत्याच्या कॉम्प्युटरला आमच्या घरात कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. त्याला मशीन म्हणतात. शेजारीच आईचं शिवणाचं मशीन असतं, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाचा कधीकधी गोंधळ होतो. आमचा होत नाही. आईचं ते शिलाई आणि आत्याचं ते मशीन.

आम्ही भाईंदरजवळच्या शांती नगरात राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर आहेत. आत्या त्यांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही, आणि गेली कित्येक वर्षं ती दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका टाईप करते. आधी ती एका छोट्या छापखान्यात जायची. छापखान्याचे मालक थकले, त्यांनी धंदा आवरला आणि ज्या कॉम्प्युटरवर आत्या बसायची तो तिलाच देऊन टाकला. टेम्पोतून तो घरी आला ते मला आठवत नाही, इतकी मी लहान होते. आई सांगते की खोक्यातून मॉनिटर बाहेर काढल्यावर मी त्याच्या फुगीर काचेला गाल लावून उभी राहिले आणि बराच वेळ हलेना.

तेव्हा तो पांढरा होता म्हणे. आता साजूक तुपाच्या रंगाचा झालाय.

लोक विचारतात, नवीन लॅपटॉप का घेत नाही? आत्याची मराठी अक्षरं ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत त्याला एक कुलूप आहे. कुलूप म्हणजे अंगठ्याएवढा एक ठोकळा, मशीनच्या मागे प्रिंटरच्या खाचेत खोचलेला. तो काढला की प्रोग्रॅम उघडत नाही. आजच्या कॉम्प्युटरला तशी खाचच नसते. मी कॉलेजात हे शिकायला लागल्यावर पर्याय शोधले, नवीन अक्षरं, नवीन प्रोग्रॅम, सगळं तिला दाखवलं. तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "चांगलंय गो. पण माझी बोटं ह्यालाच ओळखतात."

लहानपणी दुपारची माझी झोपायची जागा मशीनच्या टेबलाखाली होती. तिथली फरशी गार असायची आणि मशीनच्या पाठीमागून येणारा उबदार वारा पायांना लागायचा. वर आत्या. समोर दिवाणावर पत्रिका करायला आलेली माणसं. मला त्यांचे चेहरे दिसत नसत, फक्त पाय दिसत. भेगाळलेल्या टाचा, जोडवी, कडक इस्त्रीच्या पँटची टोकं. ते नावं सांगत आणि आत्या टाईप करी. चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, कैलासवासी, श्रीमती, समस्त परिवार. माझे डोळे मिटत आले की ती नावं उठून कुठल्याशा मांडवात जाऊन बसायला लागत. ज्यांची नावं नुसती ऐकली त्यांना मी चेहरे देऊन टाकायचे. अजूनही कुठे अनोळखी मांडव दिसला की मला वाटतं, ह्यातल्या कुणाला तरी मी झोपेत भेटले असणार.

मग आत्या टाईप केलेलं साठवायला दोन बटणं एकदम दाबायची आणि मशीनच्या पोटातली डिस्क चालायची. कुर्र, कुर्र, थोडी शांतता, आणि शेवटी एक बारीक टक. सुपात तांदूळ पाखडता पाखडता एखादा खडा फरशीवर पडावा तसा. तो टक झाला की आत्या म्हणायची, "गेलं आत."

'गेलं आत' ह्याला केवढं वजन होतं ते मला फार उशिरा कळलं. पत्रिका करायला आलेल्या घरात भांडण नाही असं होत नाही. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली. गावच्या काकांनी जमिनीवरून बोलणं टाकलंय, पण त्यांचं नाव न घालून कसं चालेल? 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं' ह्या ओळीखाली कुठल्या पोराचं नाव आधी? बायका हळू आवाजात, पुरुष मोठ्या आवाजात. आत्या मध्ये पडत नाही. ती थांबते. सगळ्यांचं झाल्यावर विचारते, "घेऊ आत?" मग सगळे गप्प होतात. मशीन कुरकुरतं. त्यानंतर नाव बदलायचं नाही. असा नियम कुणी केला नव्हता, पण भाईंदरच्या जुन्या गिऱ्हाइकांना तो पाठ होता. आत गेलं की माणसं गुडघ्यांवर हात टेकून उठायची, हसायची, चहा घ्यायची. मघाशी जे तोंड फिरवून बसलेले असत तेच एकमेकांना बिस्किटांची बशी पुढे करत. डिस्क त्यांच्यापैकी कुणाच्याच बाजूची नव्हती, म्हणून असेल.

दोनेक वर्षांपूर्वी आत्याला काचबिंदू असल्याचं निघालं. थेंब चालू आहेत. समोरचं, मधलं तिला चांगलं दिसतं, पण कडेचं सगळं पुसल्यासारखं झालंय. पडद्यावर अक्षरं मोठी करून ती काम करते. मात्र कोपऱ्यातली लहान चित्रं, खालची पट्टी, मशीनवरचा लुकलुकणारा ठिपका हे तिला मान वळवून शोधावं लागतं. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलेलं नाही. पण बाबा अधूनमधून म्हणतात, "ताई, पुरे आता. बस आरामात." त्यावर ती हात पुसून मशीनपाशी जाते.

गेल्या हिवाळ्यात, तुळशीचं लग्न होऊन पत्रिकांची कामं सुरू झाली तेव्हा, डिस्कचा आवाज बदलला. पहिल्यांदा आत्यालाच कळलं.

"ह्याला खोकला झालाय," ती म्हणाली.

मी कान दिला. कुर्रच्या मध्येच एक कोरडा ठोका पडत होता आणि मग मशीन दम खाल्ल्यासारखं थांबत होतं. मी वाचलेलं होतं की डिस्क जाताना असा आवाज करते. सांगावं की नाही कळेना. शेवटी सांगितलं.

आत्या पदराने मॉनिटरची काच पुसत होती. ती न थांबता म्हणाली, "हे गेलं तर मग मीही थांबेन. तुझ्या बाबाला बरं वाटेल." तिचा आवाज साधाच होता. पण मी तिला कुठलीच मोठी स्वप्नं बघताना कधी पाहिलेलं नाही. सकाळी अंघोळ करून, केसांना तेल लावून, कुणीतरी येणार म्हणून दिवाणावर धुतलेली चादर घालणं, एवढंच तिचं स्वतःचं आहे. ते जाऊ नये असं मला फार वाटलं. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी घरात मी एकटी, त्यामुळे डिस्क बदलायचं काम माझ्याकडे आलं.

खरं सांगायचं तर मी तोवर एकही मशीन उघडलेलं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये डबे सीलबंद असतात. बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एका रविवारी मी आत्याच्या मशीनचं झाकण काढलं. आतली धूळ मऊ आणि करडी होती, लोकरीसारखी. तळहाताएवढ्या रुंद पट्ट्याने डिस्क मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, जोडलेली होती. मी तिला हात लावला. कोमट लागली. इतक्या लोकांची लग्नं ह्या एवढ्याशा पेटीत, एकावर एक गोल थाळ्यांवर लिहिलेली आहेत, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी त्या दिवशी ते नव्याने कळलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जमत नसेल तर राहू दे हं." मला जमेल की नाही हे मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी डिस्कचा विचार करत फिरत होते. लेक्चरला बसलेली असताना फळ्यावरची अक्षरं पुसट व्हायची आणि मला रुंद पट्ट्याची डिस्क दिसायची. आजच्या मोठ्या डिस्क त्या जुन्या मशीनला ओळखता येत नाहीत. लावली तर सुरू होतानाच ते अडकून बसतं. म्हणजे दोनच वाटा होत्या. एक, तसलीच जुनी, वापरलेली डिस्क शोधायची. ती आज चालेल, उद्याचं कुणी सांगावं. दुसरी, कॅमेऱ्यात घालतात तसलं जाड मेमरी कार्ड घ्यायचं आणि एका छोट्या जोडपाटीवर बसवून त्यालाच डिस्क म्हणून लावायचं. त्यात फिरणारं काही नाही, झिजणारं काही नाही. चटकन चालतं. तापत नाही. ज्यांना जुनी मशीनं जपायची हौस आहे ते सगळे हेच सांगत होते. आणि आवाज अजिबात नाही, हेही ते कौतुकाने सांगत होते.

मी आत्याला दोन्ही समजावून सांगितलं. तिने विचारलं, "तुला काय वाटतं?"

"कार्ड," मी म्हणाले.

"मग कार्ड."

तिला माझ्या शिक्षणाचा अभिमान आहे. त्यामुळे मी काही म्हटलं की ती लगेच हो म्हणते. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं कार्डावर उतरवायला एक पूर्ण दुपार लागली. ठोके पडत होते, पण ती बिचारी शेवटपर्यंत देत राहिली. मग मी कार्ड लावलं, बटण दाबलं. मशीन पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर उठलं. आत्याचा प्रोग्रॅम उघडला, अक्षरं आली. मला इतका आनंद झाला की मी जमिनीवरच बसले.

घर मात्र वेगळं वाटू लागलं. मशीनच्या आवाजाखाली जे आवाज दबलेले होते ते वर आले. खिडकीतली कबुतरं, लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेली खुर्ची. आत्या खुर्चीत ताठ बसली होती. "छान आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "छान आहे."

त्याच आठवड्यात खारी गावातले दोघे भाऊ पत्रिका करायला आले. धाकट्याच्या मुलीचं लग्न होतं. थोरला वयस्क, पांढऱ्या मिशांचा, हातात कापडी पिशवी. त्याच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही आत्याच्या जुन्या छापखान्यात झाली होती, त्यामुळे तो आत्याला ओळखत होता.

"ताई, आमचे घरान एकच पत्रिका एकदाच करतो आमी," थोरला बसता बसता म्हणाला. "यो माजा भाव दहादा बदलंल, तुमी आयकू नका."

"मी कंदी बदलला?" धाकटा म्हणाला.

"आत्ता रिक्षान बसल्यावर दोनदा बदललास."

आत्या हसली. नावं सुरू झाली. मी दाराशी पुस्तक घेऊन बसले होते, पण ऐकत होते. कुलदैवत, गावदेवी, मग वडिलांचं नाव, मग निमंत्रक. धाकट्याला मुलीच्या मामांची नावं वरच्या रांगेत हवी होती. थोरला म्हणाला मामा मांडवात मोठे, पत्रिकेत न्हाय. बरंच झालं. शेवटी ठरलं. आत्याने विचारलं, "घेऊ आत?"

"घ्या," थोरला म्हणाला.

आत्याने दोन बटणं दाबली. तिघंही थांबली. काहीच झालं नाही. म्हणजे व्हायचं ते होऊन गेलं होतं, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही.

"गेला?" थोरल्याने विचारलं.

"गेलं असेल," आत्या म्हणाली.

मी पुस्तकातून वर बघितलं. आत्याच्या तोंडून 'असेल' मी कधी ऐकलं नव्हतं.

धाकटा लगेच पुढे सरकला. "न्हाय गेला ना अजून? मंग मामांचा नाव जरा वर घ्या."

"तुला सांगला ना!"

"गेलाच न्हाय तर काय झाला?"

दोघांचं पुन्हा सुरू झालं. आत्या पडद्याकडे बघत होती, कडेला काहीतरी शोधत होती. तिने पुन्हा बटणं दाबली. पुन्हा शांतता. पूर्वी कधी असं झालं की समजायचं, मशीन अडकलं. अडकलं की एकच उपाय तिला छापखान्यात शिकवलेला होता. तिने खाली वाकून चाचपडत रीसेटचं बटण दाबलं.

मी "आत्या, थांब" म्हणेपर्यंत पडदा काळा झाला होता.

मशीन पुन्हा चालू झालं तेव्हा त्यांची फाईल उघडेना. लिहिता लिहिता तोडली गेली होती. आत्याने दोघांना चहा दिला, परत बोलावते म्हणून सांगितलं. थोरला दारात चपला घालताना म्हणाला, "होतो ओ असा. आमची होडीपन बंद परते." धाकटा खूशच होता. मामांना अजून आशा होती.

त्यानंतर आत्या मशीनपाशी बसली नाही. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला तर म्हणाली, जरा बरं नाहीये. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून भिजवलेले वाल सोलत होती, आणि मी समोर बसले. वाल अंगठ्याने दाबला की सालातून आतला दाणा सुळकन बाहेर येतो.

"तुला आवाज लागतो ना?" मी विचारलं.

तिने हातातला वाल सोलून भांड्यात टाकला. "तू इतकं केलंस," मग म्हणाली. "कसं सांगायचं? हसशील."

"मी नाही हसणार."

"मला कडेचं दिसत नाही, तर मी ऐकते. उघडलं की वेगळा आवाज, घेतलं की वेगळा, छापायला पाठवलं की वेगळा. आता ते मेल्यासारखं वाटतं. चालू आहे की नाही तेच कळत नाही मला. अंधारात कुणाशी तरी बोलल्यासारखं."

मला कार्डाच्या गुणांची यादी पाठ होती. आवाज नाही हा त्यातला एक गुण होता.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की ह्यावरही उपाय मिळतो. एक छोटा तुकडा मशीनला जोडला की तो डिस्कसारखा नुसता कटकट आवाज काढतो. मी आत्याला ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "म्हणजे काम एकीकडे आणि आवाज दुसरीकडे?"

"हो. पण बरोबरच होतील दोन्ही."

"मला माहीत असणार ना पण ते," ती म्हणाली. "नको."

मग एका शनिवारी आम्ही दोघी रिक्षाने घोडबंदरच्या रस्त्याला गेलो. हायवेच्या बाजूला गोडाऊनांची रांग आहे, तिथे एकजण जुने कॉम्प्युटर सोडवून सुटे भाग विकतो. आत पत्र्यामुळे गरम होतं आणि हिरव्या पाट्यांचे ढीग होते, कोपऱ्यात कीबोर्डांची रास. वरच्या फटीतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ इतकी हळू फिरत होती की मला पाण्याखाली आल्यासारखं वाटलं. आत्या माझा दंड धरून चालत होती.

दुकानदाराने रुंद पट्ट्याच्या डिस्कांचं खोकं पुढे केलं. "सब चालू माल है, मौसी. कौनसा भी उठाओ."

"एक एक करके चालू करो ना, भैया," आत्या म्हणाली. "मेरे को सुनने का है."

"सुनने का?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो हसला. "हार्ड डिस्क ले रही हो मौसी, तरबूज नहीं."

"तरबूज मी ठोकून घेते. हे ठोकलं तर तुम्हीच ओरडाल," आत्या मराठीतच म्हणाली. त्याला समजलं असावं, कारण त्याने स्टूल पुसून तिला बसायला दिलं आणि टेबलावरच्या मशीनला पहिली डिस्क जोडली.

आत्या डोळे मिटून ऐकू लागली. मी त्याच्या पडद्यावर प्रत्येक डिस्कची तपासणी बघत होते. कुठला भाग खराब झालाय, किती झिजलीय, हे तिथे कळतं. आम्ही काही ठरवलं नव्हतं, पण कामाची वाटणी आपोआप झाली. एक डिस्क शिट्टी वाजवत होती, आत्याने हात हलवला. एक फारच मुकी होती. एक सुरू होताना कण्हत होती. "हिला नको त्रास द्यायला," ती म्हणाली.

मग एक लागली आणि आत्याचे डोळे उघडले. कुर्र, कुर्र, थोडी शांतता, बारीक टक. डोळे मिटले असते तर मी टेबलाखाली असते.

"हीच," आत्या म्हणाली.

मी पडद्याकडे पाहिलं. लाल ठिपके पसरत होते. मी पुन्हा पाहिलं, उगाच. दुकानदारालाही दिसलं, पण तो खाली बघून वायरी सारख्या करत बसला. मला वाटलं, घेऊन टाकावी. चालेल काही महिने. तिचा चेहरा इतका सुटलेला मी फार दिवसांनी पाहत होते.

"आत्या," मी म्हणाले, "हिचं आतून चांगलं नाहीये. आपली होती त्याहून वाईट आहे."

"आवाज तर चांगलाय."

"हो. पण ठेवलेलं परत देईल असं नाही."

डिस्क अजून चालू होती. आत्याने हात पुढे करून तिच्यावर बोटं ठेवली, तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तशी. "लोकांची लग्नं आहेत गो," ती म्हणाली, आणि दुकानदाराला, "भैया, दूसरा दिखाओ."

शेवटी घेतली ती तपासणीत स्वच्छ निघालेली, जड, काळपट रंगाची. तिचा आवाज अगदी वेगळा होता. जाड, खालच्या सुरातला, घुर्र घुर्र, आणि शेवटी टक नाही. ती नुसती हळूहळू गप्प होत जायची. आत्याने ती दोनदा ऐकली. "बोलते तरी," ती म्हणाली.

घरी येऊन मी डिस्कच्या मागची, जम्पर म्हणतात ती, सुईच्या नेढ्याएवढी टोपी बरोबर खुंट्यांवर बसवली, पट्टा जोडला, कार्डावरचं सगळं तिच्यावर उतरवलं. कार्ड काढून ठेवलं. आता दर काही दिवसांनी मी आत्याच्या फायली त्यावर उतरवून घेते, म्हणजे ही डिस्क गेली तरी पत्रिका जाणार नाहीत. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते तुझं तू बघ. मला आवाजाचं बघू दे."

पण आवाजाचं तिलाही लगेच जमेना. कुठे संपतं ते कळत नव्हतं. घुर्र हळू होत जायची, आणि आत्या बोटं तशीच हवेत धरून बसायची. तिने मला शेजारी स्टुलावर बसवलं. "तो ठिपका विझला की सांग," म्हणाली. मी ठिपक्याकडे बघत बसायचे आणि विझला की म्हणायचे, "झालं." ती मान हलवायची, आणि पुन्हा तेच. जुन्या, कधीच होऊन गेलेल्या पत्रिका उघडायची आणि परत आत घ्यायची. दुपार उतरत जायची. मी ज्यांना झोपेत चेहरे दिले होते त्यांची नावं मोठ्या अक्षरात पडद्यावर येत आणि जात. ह्यातल्या कित्येकांची मुलं आता कॉलेजात असतील. झालं, मी म्हणायचे. झालं. बाबा कारखान्यातून आले की दारात उभे राहून आमच्याकडे बघत आणि हात धुवायला जात.

खारीचे दोघे भाऊ परत आले तेव्हाही मी स्टुलावर होते. ह्या वेळी थोरल्याच्या पिशवीत वालाच्या शेंगा होत्या, त्या त्याने आईला दिल्या. नावं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मामा पुन्हा वर चढले, पुन्हा खाली उतरले. धाकट्याच्या बायकोने फोनवरून आणखी एक नाव सांगितलं. थोरल्याने कपाळावर हात मारला. आत्या थांबून राहिली. सगळ्यांचं झाल्यावर तिने विचारलं, "घेऊ आत?"

थोरल्याने भावाकडे बघितलं. धाकट्याने मान डोलावली.

आत्याने बटणं दाबली. मशीन घुरघुरायला लागलं. दोघांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओळखीचा तो आवाज नव्हता. मी ठिपक्यावर डोळे ठेवले. घुर्र मंद झाली, आणखी मंद झाली. मी तोंड उघडलं, आणि आत्याने माझ्याकडे न बघताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता तू नको सांगूस," ती हळूच म्हणाली.

ती ऐकत होती. मान किंचित कलती, ओठ मिटलेले. ठिपका विझला. मी काही बोलले नाही. आणखी एक क्षण गेला, आणि ती त्या दोघांकडे वळून म्हणाली, "गेलं."

"ह्ये बरा झाला," थोरला म्हणाला, आणि भावाच्या पाठीवर एक थाप मारून उठला.

आई चहा घेऊन आली. मी स्टूल उचलून परत स्वयंपाकघरात ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती आणि आत्याला त्याची आता गरज नव्हती.